बुडीत खात्यातून परतलेला ‘मेट्रोपोलिस’

१७ एप्रिल १९२७ च्या ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये एच. जी. वेल्स यांनी एका जर्मन चित्रपटाचे परीक्षण लिहिले. आपण अलीकडे पाहिलेला हा सर्वांत खुळचट चित्रपट असून याहून खुळचट चित्रपट काढणे कोणाला जमेल असे वाटत नाही, असा त्याच्या सुरुवातीचाच सूर होता. वेल्स म्हणजे कोणी हौशी परीक्षणकार नव्हेत. कालयंत्र, अदृश्य माणूस, मंगळावरून होणारी स्वारी या कल्पना ज्यांनी सामान्य वाचकाच्या घरात नेऊन पोहोचवल्या, ते हे वेल्स. विज्ञानकथेच्या प्रांतात त्यांचा शब्द म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. तो निकाल ‘मेट्रोपोलिस’ या चित्रपटाच्या विरोधात गेला, आणि तोही खर्चासकट.

पुढे २००१ साली ‘युनेस्को’ने जगाच्या दस्तऐवजी वारशाच्या यादीत पहिल्यांदा एका चित्रपटाची नोंद केली. तो चित्रपट होता ‘मेट्रोपोलिस’. ज्या यादीत प्राचीन हस्तलिखिते आणि छापील ग्रंथ आहेत, त्या यादीत वेल्स यांचा खुळचट चित्रपट जाऊन बसला.

या दोन तारखांमध्ये चौऱ्याहत्तर वर्षांचे अंतर आहे. एवढ्या काळात टीकाकारांचे मत बदलले यात नवल नाही. अभिरुची बदलते, पिढ्या बदलतात. पण ‘मेट्रोपोलिस’च्या बाबतीत एक निराळीच गोष्ट घडली. येथे टीकाकार बदलले तसा चित्रपटही बदलला. वेल्स यांनी जो पाहिला तो एक चित्रपट, आणि २०१० नंतर जगाने जो पाहिला तो दुसरा. पस्तीस वर्षे बँकेच्या खातेवह्यांत घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्यामुळे या प्रकरणात विशेष रस वाटतो. ज्या खात्यावर ‘बुडीत’ असा शेरा मारून फाईल बांधून ठेवली, त्या खात्याची अर्धी कागदपत्रे त्या फाईलमध्ये नव्हतीच, असे हे प्रकरण आहे.

खर्चाचा डोंगर

चित्रपटाचे कथानक थोडक्यात असे. भविष्यकाळातले एक अफाट शहर. वर गगनचुंबी इमारती, त्यांच्यामधून जाणारे हवाई रस्ते, श्रीमंतांच्या मुलांच्या बागा. जमिनीखाली यंत्रांचे मजले आणि त्यांच्याही खाली कामगारांची वस्ती. शहराचा धनी योह फ्रेडरसन. त्याचा मुलगा फ्रेडर एके दिवशी खाली उतरतो, यंत्राच्या स्फोटात माणसे मरताना पाहतो आणि हादरून जातो. कामगारांना धीर देणारी मारिया नावाची तरुणी सांगत असते की, डोके आणि हात यांच्यामध्ये कोणी मध्यस्थ हवा, आणि तो मध्यस्थ म्हणजे हृदय. रोटवांग नावाचा शास्त्रज्ञ यंत्रमानव तयार करतो, त्याला मारियाचा चेहरा देतो. ही खोटी मारिया कामगारांना चिथावते, कामगार यंत्रे फोडतात, त्यात त्यांचीच वस्ती पाण्याखाली जाते. शेवटी खऱ्या मारियाचा विजय होतो आणि कॅथीड्रलच्या दारात फ्रेडर आपल्या बापाचा हात आणि मुकादमाचा हात एकमेकांच्या हातात देतो. संपला चित्रपट.

दिग्दर्शक फ्रिट्झ लांग हा व्हिएन्नात १८९० साली जन्मलेला माणूस. पटकथा त्याची पत्नी थेआ फोन हार्बो हिची. बर्लिनची ‘उफा’ ही जर्मनीतील सर्वांत मोठी चित्रसंस्था निर्मात्याच्या खुर्चीवर. चित्रीकरण मे १९२५ मध्ये सुरू झाले ते ऑक्टोबर १९२६ पर्यंत चालले. मूळ अंदाजपत्रक पंधरा लाख मार्कांच्या आसपासचे होते, प्रत्यक्ष खर्च पन्नास लाखांच्या पुढे गेला. तिपटीहून अधिक! आमच्या व्यवसायात असा ऋणको समोर आला की शाखाधिकाऱ्याची झोप उडते.

मात्र हे पैसे उधळले गेले असे पडदा पाहून कोणी म्हणणार नाही. ऑयगेन शुफ्टान याने आरशांची एक युक्ती शोधली होती. आरशाच्या काही भागावरचा मुलामा खरवडून काढायचा, उरलेल्या आरशात छोट्या प्रतिकृतीचे प्रतिबिंब घ्यायचे आणि खरवडलेल्या काचेतून पलीकडे उभी असलेली जिवंत माणसे टिपायची. त्यामुळे हातभर उंचीच्या इमारतीपुढे माणूस मुंगीएवढा दिसे. हवाई रस्त्यांवरून धावणाऱ्या मोटारी एकेक चित्रचौकट पुढे सरकवून चित्रित केल्या होत्या. ब्रिगिटे हेल्म ही विशीच्या आतबाहेरची मुलगी खरी मारिया आणि खोटी मारिया अशा दोन्ही भूमिकांत होती. यंत्रमानवाचे कडक कवचही तिनेच अंगावर चढवले होते. पुढे ‘स्टार वॉर्स’मधल्या सोनेरी यंत्रमानवाचे रेखाटन झाले, तेव्हा डोळ्यांसमोर हीच आकृती होती.

‘मेट्रोपोलिस’ने ‘उफा’ला बुडवले, असे चित्रपटाच्या इतिहासात वारंवार लिहिले जाते. वाक्य चटपटीत आहे, पण हिशेबनिसाला ते पटणार नाही. ‘उफा’ आधीपासूनच कर्जात होती. डिसेंबर १९२५ मध्ये, म्हणजे या चित्रपटाचे अर्धे काम व्हायचे असताना, तिने पॅरामाउंट आणि मेट्रो-गोल्डविन-मेयर या दोन अमेरिकी कंपन्यांशी करार करून चाळीस लाख डॉलरचे कर्ज उचलले होते. मोबदल्यात तिने आपली चित्रगृहे अमेरिकी चित्रपटांसाठी मोकळी करून दिली. म्हणजे उत्पन्नाचे साधनच तारण ठेवले. एका मोठ्या खर्चाने संस्था बुडत नाही, त्या खर्चाच्या आधीपासून तिचा पाया खचलेला असतो. मार्च १९२७ मध्ये वृत्तपत्रसृष्टीचा सम्राट आणि कडवा राष्ट्रवादी पुढारी आल्फ्रेड हुगेनबर्ग याने ‘उफा’ ताब्यात घेतली. हाच हुगेनबर्ग पुढे जानेवारी १९३३ मध्ये हिटलरच्या पहिल्या मंत्रिमंडळात मंत्री झाला.

कात्रीचा कारभार

१० जानेवारी १९२७ रोजी बर्लिनच्या ‘उफा-पालास्ट आम झू’ या चित्रगृहात ‘मेट्रोपोलिस’चा पहिला खेळ झाला. चित्रफितीची लांबी ४,१८९ मीटर, म्हणजे सुमारे अडीच तास. हा पूर्ण चित्रपट बर्लिनमध्ये काही महिने चालला आणि मग उतरवला गेला. त्यानंतर ऑगस्टमध्ये जर्मनीत जो पुन्हा लागला तो सुमारे एक चतुर्थांश कापलेला होता. अमेरिकेत तर त्याआधीच, मार्च महिन्यात, वेगळीच आवृत्ती लागली होती. पॅरामाउंटने चॅनिंग पोलॉक या नाटककाराच्या हाती कात्री दिली होती आणि त्याने ती मोकळ्या मनाने चालवली.

काय कापले? कथेचे एक मूळच कापले. मूळ चित्रपटात फ्रेडरसन आणि रोटवांग यांच्यामध्ये एक स्त्री आहे, हेल नावाची. रोटवांगचे तिच्यावर प्रेम होते, तिने लग्न केले फ्रेडरसनशी, आणि फ्रेडरला जन्म देताना ती वारली. रोटवांगने घरात तिचा प्रचंड शिल्पमुखवटा उभारला आहे. यंत्रमानव तो घडवतो तो या मेलेल्या स्त्रीला परत आणण्यासाठी, आणि त्या खटाटोपात आपला एक हात गमावतो. पोलॉकसाहेबांना अडचण अशी वाटली की, ‘हेल’ हे नाव इंग्रजीत नरकासारखे ऐकू येते. प्रेक्षक हसतील. म्हणून नाव गेले, नावाबरोबर ती स्त्री गेली, स्त्रीबरोबर दोन म्हाताऱ्यांचे जुने वैर गेले. मग यंत्रमानव कशासाठी? तर कामगारांच्या जागी बसवण्यासाठी, असे नवे कारण नव्या पाट्यांमधून चिकटवण्यात आले. फ्रेडरसनचे नावही बदलून मास्टरमन झाले.

वेल्स यांच्या परीक्षणात शहराच्या धन्याचे नाव मास्टरमन असेच येते. म्हणजे त्यांनी पाहिली ती हीच तोडलेली आवृत्ती. निकाल दिला त्या न्यायाधीशांपुढे पुराव्याचे कागद पुरे नव्हते. याचा दोष त्यांच्याकडे जात नाही. तिकीट काढून आत गेलेल्या माणसाला पडद्यावर जे दाखवले जाईल त्यावरच तो बोलणार. पण त्यामुळे एक गंमत झाली. चित्रपटातली माणसे अशी का वागतात हे कळत नाही, हा आक्षेप त्या काळापासून पन्नास-साठ वर्षे चित्रपटाच्या बोकांडी बसला. माणसे तशी का वागत होती याचे उत्तर कापलेल्या तुकड्यांत होते आणि ते तुकडे कोणाकडेच नव्हते.

तेव्हाची परीक्षणे आज एकत्र वाचली तर त्यांत एक सूर सारखा ऐकू येतो. डोळे दिपले, डोके मात्र नाही म्हणाले. ‘न्यू यॉर्क टाइम्स’च्या नेहमीच्या समीक्षकाने, मॉर्डॉन्ट हॉलने, या तांत्रिक चमत्काराचे पाय मातीचे आहेत असा अभिप्राय दिला. माद्रिदच्या ‘ला गासेता लितेरारिया’त एका सत्तावीस वर्षांच्या स्पॅनिश तरुणाने लिहिले की, हे एकमेकांच्या पोटाला चिकटलेले दोन चित्रपट आहेत. गोष्ट म्हणून पाहिले तर सामान्य, भाबडे, जुनाट. आणि दृश्यांची रचना म्हणून पाहिले तर आजवरच्या साऱ्या चित्रपटांना मागे टाकणारे. त्या तरुणाचे नाव लुईस बुन्युएल. तो स्वतः दिग्दर्शक व्हायचा होता. मला विचाराल तर १९२७ साली ‘मेट्रोपोलिस’विषयी सर्वांत समतोल शब्द त्यानेच लिहिले. त्याने चित्रपटाला नापासही केले नाही आणि मखरातही बसवले नाही. दोन खाती वेगळी काढून दोन्हींचा ताळेबंद मांडला.

जर्मनीतल्या डाव्या टीकाकारांचा राग निराळ्या कारणासाठी होता. मालक आणि मजूर यांच्यात भांडण आहे ते हितसंबंधांचे, आणि हा चित्रपट ते मिठी मारून मिटवतो, हे त्यांना फसवे वाटले. विशेष म्हणजे ‘उफा’च्या नव्या, उजव्या मालकांना याच चित्रपटाच्या काही पाट्यांत साम्यवादाचा वास आला आणि त्यांनी त्या काढायला लावल्या. दोन्ही बाजूंनी मार खाणारा मध्यस्थ, असे या चित्रपटाचेच नशीब झाले!

बेळगावचा एक धागा

पटकथा लिहिणाऱ्या थेआ फोन हार्बोविषयी मराठी वाचकाला थोडे अधिक सांगायला हवे. ती १८८८ सालची. भारताविषयी तिला लहानपणापासून ओढ. प्रत्यक्ष न पाहताच भारतावर तिने ‘भारतीय कबर’ या अर्थाच्या नावाची कादंबरी १९१८ साली लिहिली आणि तिच्यावर चित्रपटही निघाले. बर्लिनमध्ये तिची ओळख झाली ती बेळगावजवळच्या बेळगुंदीच्या आयी तेंडुलकर या तरुणाशी. (हे महात्मा गांधींचे चरित्रकार डी. जी. तेंडुलकर नव्हेत.) तेंडुलकर शिकायला जर्मनीत गेले होते आणि तेथे पत्रकारिता करीत होते. ते तिच्याहून बरेच लहान. लांग आणि हार्बो यांचा घटस्फोट १९३३ मध्ये झाला. हार्बो आणि तेंडुलकर यांनी जाहीर वाच्यता न करता विवाह केला. बर्लिनमधल्या भारतीय विद्यार्थ्यांना तिच्या घरी आसरा आणि मदत मिळत असे. महायुद्धाच्या सुमारास तेंडुलकर भारतात परतले, बेळगावात वृत्तपत्र काढले, ब्रिटिशांच्या तुरुंगात गेले. पुढे गांधीजींच्या अटी पाळून इंदुमती गुणाजी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांच्या कन्या लक्ष्मी तेंडुलकर-ढौल यांनी ही सारी हकिकत इंग्रजी पुस्तकात सविस्तर लिहिली आहे.

हार्बो मात्र जर्मनीतच राहिली आणि नाझी पक्षाची सदस्य झाली. नाझी राजवटीत तिने पटकथा लिहिल्या, दिग्दर्शन केले. आपण पक्षात गेलो ते जर्मनीतल्या भारतीयांना मदत करता यावी म्हणून, असे तिने युद्धानंतर सांगितले. युद्धानंतर ती नजरकैदेत होती, बर्लिनच्या ढिगाऱ्यांतल्या विटा उचलण्याचे कामही तिने केले. १९५४ च्या उन्हाळ्यात तिच्याच जुन्या चित्रपटाच्या खास खेळाहून बाहेर पडताना ती पडली आणि त्या दुखापतीने काही दिवसांनी वारली. एका भारतीय माणसावर जीव लावणारी आणि वंशद्वेष्ट्या पक्षात नाव नोंदवणारी ही एकच बाई. माणसाचा ताळेबंद जुळत नाही तो असा.

हार्बोच्या या राजकारणाची सावली चित्रपटावर पडली. १९४७ मध्ये झीगफ्रीड क्राकाउअर यांचा ‘कॅलिगारी ते हिटलर’ हा ग्रंथ आला. जर्मन चित्रपटांतून जर्मन मनाची नाझीवादाकडे होत गेलेली वाटचाल दिसते, असे त्यांचे प्रतिपादन. त्यांनी ‘मेट्रोपोलिस’च्या शेवटच्या हस्तांदोलनावर बोट ठेवले. वरकरणी बापाचे मन वळले असे दिसते, पण प्रत्यक्षात कामगारांची मनेही आता धन्याच्या ताब्यात गेली, असे ते म्हणतात. लोकांचे हृदय काबीज करण्याची भाषा पुढे गोबेल्सने केली, याकडे त्यांनी लक्ष वेधले. हिटलरने आणि गोबेल्सने हा चित्रपट पाहिला होता आणि त्याच्या कर्त्याकडून आपले चित्रपट करवून घ्यावेत असे हिटलरच्या मनात होते, ही लांगने सांगितलेली आठवणही त्या ग्रंथात आहे.

लांगच्या आठवणी मात्र जपून घ्याव्या लागतात. गोबेल्सने बोलावणे धाडले आणि आपण त्याच रात्री खिशातल्या पैशांनिशी जर्मनी सोडली, असे तो जन्मभर रंगवून सांगत असे. बर्लिनच्या संग्रहालयातला त्याचा पासपोर्ट सांगतो की १९३३ च्या उन्हाळ्यापर्यंत तो अनेकदा आला-गेला होता आणि शेवटचा बाहेर पडला तो जुलैअखेरीस. शिक्के खोटे बोलत नाहीत. पुढे अमेरिकेत पीटर बोगदानोविचला दिलेल्या मुलाखतीत त्याने ‘मेट्रोपोलिस’ आपल्याला आवडत नाही असे सांगितले. डोके आणि हात यांच्यामध्ये हृदय ही परीकथा झाली, असे त्याचे म्हणणे. आपल्याला खरा रस होता तो यंत्रांत, अशी पुस्ती त्याने जोडली. म्हणजे वेल्स यांनी नाकारलेले, डाव्यांनी नाकारलेले, क्राकाउअर यांनी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केलेले हे मूल अखेर बापानेही नाकारले. खाते बंद व्हायला आणखी काय हवे?

ब्यूनस आयर्सचे कपाट

पण पडद्यावरच्या प्रतिमांनी खाते बंद होऊ दिले नाही. १९८४ मध्ये संगीतकार जॉर्जिओ मोरोडर याने उपलब्ध तुकडे रंगवून, पाट्या काढून, फ्रेडी मर्क्युरीसारख्यांची पॉप गाणी घालून हा चित्रपट जेमतेम दीड तासाच्या आत बसवला. जाणकारांनी कपाळावर हात मारला. पण तरुण पिढीने याच आवृत्तीत ‘मेट्रोपोलिस’ पहिल्यांदा पाहिला, हेही मान्य करायला हवे. दुसऱ्या टोकाला म्युनिकच्या चित्रपट संग्रहालयात एनो पाटालास हे जुन्या सेन्सॉर पत्रकांवरून आणि गॉटफ्रीड हुपर्ट्झच्या मूळ संगीताच्या प्रतीवरून दृश्यांचा क्रम चिकाटीने जुळवीत होते. त्या स्वरलिपीत कोणत्या सुरावर पडद्यावर काय दिसते याच्या हजारावर खुणा होत्या. चित्र हरवले होते, पण त्याचा पहारेकरी असलेले संगीत जागेवर होते. २००१ मध्ये मुर्नाऊ प्रतिष्ठानने मार्टिन कोर्बर यांच्याकडून नवी प्रत सिद्ध करून घेतली. सुमारे एक चतुर्थांश भाग कायमचा गेला, असे तेव्हा सर्वांनीच गृहीत धरले.

आणि मग २००८ साल उजाडले. अर्जेंटिनातले चित्रपट-इतिहासकार फर्नांदो मार्तिन पेन्या यांच्या कानावर फार वर्षांपूर्वी एक किस्सा आला होता. एका फिल्म क्लबच्या चालकाने ‘मेट्रोपोलिस’चा खेळ लावला तेव्हा चित्रफीत यंत्रात थरथरत होती, म्हणून त्याला दोन तासांहून अधिक वेळ तिच्यावर बोट दाबून उभे राहावे लागले होते. ऐकणाऱ्यांना त्या बोटाची गंमत वाटली. पेन्या यांना दोन तासांची वाटली. उपलब्ध चित्रपट एवढा लांब नव्हताच! ब्यूनस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयाच्या संचालक पाउला फेलिक्स-दिदिएर आणि पेन्या यांनी मिळून डबे उघडले. १९२० च्या दशकात एका वितरकाने बर्लिनहून कापाकापीच्या आधीची प्रत आणली होती. ती पुढे एका समीक्षकाच्या खाजगी संग्रहात, तेथून सरकारी कलानिधीकडे आणि अखेर १९९२ मध्ये या संग्रहालयात पोहोचली होती. मधल्या काळात मूळ रुंद फितीवरून अरुंद १६ मिलिमीटरच्या फितीवर नक्कल झाली, आणि मूळ फितीवरचे ओरखडे नकलेत कायमचे उतरले. पण त्यात सुमारे पंचवीस मिनिटांचा हरवलेला भाग होता.

हिशेबाचा हा धडा मला मोठा वाटतो. बर्लिन आणि हॉलिवूडच्या मुख्य कचेऱ्यांत नोंद नव्हती, ती दूरच्या एका शाखेत होती. तेथे कोणी कात्री चालवायला गेले नाही, म्हणून ती वाचली.

१२ फेब्रुवारी २०१० रोजी बर्लिन महोत्सवात हा जुळवलेला चित्रपट वाद्यवृंदाच्या साथीने दाखवण्यात आला. ब्रांडेनबुर्ग दरवाजापाशी उघड्यावर पडदा लावला होता आणि कडाक्याच्या थंडीत माणसे उभी राहून पाहत होती. परत आलेले भाग लगेच ओळखू येतात. चित्र एकाएकी पावसात भिजल्यासारखे रेघारेघांचे होते. दुरुस्ती करणाऱ्यांनी त्या रेघा पुसून टाकल्याचा देखावा केला नाही, याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत. जमाखर्चात खाडाखोड झाली असेल तर ती दिसली पाहिजे. आजही दोन प्रसंग सापडलेले नाहीत. कॅथीड्रलमधले भिक्षूचे प्रवचन आणि फ्रेडरसन-रोटवांग यांची झटापट पाट्यांवरूनच समजून घ्यावी लागते.

काय फिरले, काय फिरले नाही

टीकाकारांनी मग आपले शेरे बदलले. चित्रपटाच्या मोठमोठ्या मतचाचण्यांत ‘मेट्रोपोलिस’ पहिल्या शंभरांत येऊ लागला. पण कोणता आक्षेप फिटला आणि कोणता उरला, हे नीट वेगळे करायला हवे.

कथा असंबद्ध आहे, हा आक्षेप बऱ्याच अंशी फिटला. हेल परत आली आणि रोटवांग हा नुसता माथेफिरू न राहता जखमी प्रियकर झाला. ११८११ या क्रमांकाने ओळखला जाणारा कामगार फ्रेडरचे कपडे घालून वर येतो आणि कामावरून सुटल्याच्या आनंदात शहराच्या रंगेल भागाकडे वळतो, हा उपकथाभाग परत आला. फ्रेडरसनचा पाळतीवर असलेला उंच, कृश हेर परत आला. घाईघाईचा वाटणारा चित्रपट आता संथ, दमदार वाटतो. लांबी वाढली आणि कंटाळा कमी झाला, असा हा दुर्मीळ योग.

वेल्स यांचा अर्थशास्त्रीय आक्षेप मात्र एकाही सापडलेल्या मिनिटाने खोडला जात नाही. ही यंत्रे एवढी संपत्ती निर्माण करतात ती विकत कोण घेते, असे त्यांनी विचारले होते. आणि यंत्रे आली की राबणारी माणसे कमी होतात, वाढत नाहीत, हे त्यांचे म्हणणे होते.

मी बँकेत लागलो तेव्हा, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, व्याजाची आकडेमोड हाताने होत असे. १९८३ मध्ये यांत्रिकीकरणाविषयी कर्मचारी संघटना आणि बँका यांच्यात करार झाला, १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला आणि मग शाखांतून लेजर पोस्टिंगची यंत्रे दिसू लागली. आमच्या शाखेत यंत्रासाठी काचेची वेगळी खोली झाली. आत वातानुकूलन, चपला बाहेर काढून जायचे. बाहेर काउंटरवर माणसांना छताचा पंखा. मी ‘मेट्रोपोलिस’ पहिल्यांदा पाहिला तो त्याच सुमारास, फिल्म सोसायटीच्या एका खेळात. मोलॉक दैवताच्या जबड्यासारख्या यंत्रात माणसे चढत जातात ते दृश्य पाहताना प्रेक्षागृहातले आम्ही तिघे-चौघे बँकवाले एकमेकांकडे बघून हसलो. ते हसणे फारसे मोकळे नव्हते.

प्रत्यक्षात झाले ते वेल्स यांच्या म्हणण्याप्रमाणे. यंत्राने आम्हाला गिळले नाही, यंत्राला आमची गरज उरली नाही. २०००-०१ मध्ये सार्वजनिक बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि सुमारे एक लाख माणसे बाहेर पडली. जमिनीखालची वस्ती झाली नाही, रिकाम्या खुर्च्या झाल्या. वेल्स यांचे भाकीत बरोबर निघाले. पण चित्रपटातले एक दृश्य मला वेल्स यांच्या साऱ्या तर्कापेक्षा खरे वाटत आले आहे. फ्रेडर दमलेल्या कामगाराच्या जागी उभा राहतो. समोर प्रचंड तबकडी, तिच्यावरचे काटे दोन्ही हातांनी सारखे दिव्यांकडे फिरवत राहायचे. ते यंत्र काय तयार करते हे आपल्याला कळत नाही, त्यालाही कळत नाही. वेल्स यांना हे खुळचट वाटले. ज्याने मार्चअखेरीस रात्री अकरा वाजता न जुळणाऱ्या बेरजा केल्या आहेत, त्याला ते वाटणार नाही. यंत्राचा उपयोग काय हे वेल्सना कळत होते. यंत्रापुढे उभ्या माणसाला काय वाटते हे लांगने दाखवले.

उरला तो हस्तांदोलनाचा प्रश्न. तो पूर्वी होता तेथेच आहे. कामगारसंघटनांशी झालेल्या अनेक वाटाघाटींना मी टेबलाच्या एका बाजूला बसलो आहे. चांगल्या मनाचे अधिकारी पाहिले, समंजस पुढारी पाहिले. हृदय दोन्हीकडे होते. पण माणसाच्या पदरात जे पडले ते कागदावर लिहिलेल्या कलमांतून पडले. तास किती, पगार किती, बदली कोठे, नुकसान झाले तर भरपाई कोण देणार. कॅथीड्रलच्या दारात यांतले काहीही ठरत नाही. दहा तासांच्या पाळीचे घड्याळ चित्रपटात ठळक दिसते, पण शेवटी ती पाळी आठ तासांची होणार का, हे कोणी विचारत नाही. मुकादम अवघडून हात पुढे करतो, धनी अवघडून तो घेतो आणि मागे हजारो माणसे शिस्तीत त्रिकोण करून उभी असतात. तो त्रिकोण पाहिला की क्राकाउअर यांचे म्हणणे आठवते. संपूर्ण प्रत हाती आल्यावरही तो त्रिकोण तसाच आहे.

म्हणून ‘मेट्रोपोलिस’ निर्दोष सुटला असे जे अलीकडे लिहिले जाते ते मला मान्य नाही, आणि तो दोषी आहे म्हणून पाहू नये हेही मान्य नाही. खोट्या मारियाचेच उदाहरण घ्या. एका विश्वासू माणसाचा चेहरा यंत्राला चढवायचा आणि त्याच्या तोंडून गर्दीला हवे ते ऐकवायचे, ही कल्पना १९२७ मध्ये परीकथेतली होती. आज कोणाच्याही आवाजाची आणि चेहऱ्याची नक्कल यंत्राकडून करवून घेता येते. निवृत्त माणसांना असे फोन येतात, आणि ओळखीचा आवाज ऐकून ती आयुष्याची पुंजी पाठवून मोकळी होतात. हृदयावर भिस्त ठेवणाऱ्या चित्रपटानेच, हृदयाला फसवणे किती सोपे असते, हे इतके स्पष्ट दाखवून ठेवले आहे. हार्बोला ही विसंगती जाणवली होती की नाही, कोण जाणे.

बुन्युएलने १९२७ मध्ये मांडलेले दोन चित्रपट अजून एकमेकांना चिकटलेलेच आहेत. २०२७ मध्ये या चित्रपटाच्या पहिल्या खेळाला शंभर वर्षे होतात. त्याच्या एका बाजूला जमा आहे, दुसऱ्या बाजूला नावे आहे, आणि दोन्ही रकमा मोठ्या आहेत. त्यांची वजाबाकी करून एकच आकडा काढण्याची घाई टीकाकारांना असते. वाचकांनी ती करू नये. पाहण्याची संधी मिळाली तर मात्र लांब प्रत पाहावी, रेघांच्या पावसासकट.